बर्फबाईचं शिळं उत्तर

फ्रीजवाल्या बाईंना घरात त्यांच्या मागे 'शंकासुर' म्हणत. बाईंना ते माहीत होतं, कारण दाराआडून ऐकायची त्यांना सवयच होती. त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. शंका घेतली नसती तर धंदा केव्हाच बसला असता, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. गिऱ्हाईक टेम्पोतून फ्रीज उतरवता उतरवताच सांगायचं, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." बाई "हो का?" म्हणायच्या, दार उघडायच्या आणि फ्रीजरच्या पत्र्यावरून बोट फिरवायच्या. बर्फ खरवडायला कोणीतरी सुरी घातलेली असायचीच. मग सापडलेल्या भोकावर बोट ठेवून त्या विचारायच्या, "आणि हेही आपोआपच पडलं का?" गिऱ्हाईक रस्त्यावरच्या रहदारीकडे बघायला लागायचं.

हे काम त्या वडिलांच्या हाताखाली शिकल्या. लग्न झाल्यावर सासरच्या गल्लीतच दुकान टाकलं. नवरा बस डेपोत चाकं बदलायच्या विभागात होता, त्याला या धंद्यात रस नव्हता. पण धाकट्या दिराच्या हाताला वळण होतं. वहिनी-दिरांनी मिळून बरीच वर्षं दुकान चालवलं. लांबट, अरुंद जागा; भिंतीला टेकून उभे असलेले बिनदाराचे फ्रीज, बाकावर तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, कोपऱ्यात नळ्यांतली हवा ओढून काढणारा, गुरगुरणारा पंप. मग एक दिवस दीर एका मोठ्या कंपनीच्या सेवा केंद्रात नोकरीला लागला. "पगार वेळेवर होतो, वहिनी. आणि दुपारी निवांत जेवायला मिळतं," तो म्हणाला. बाई तोंडाने "बरं झालं" म्हणाल्या. मनात मात्र त्यांनी खूणगाठ बांधली, की हा माणूस आता तिकडचा झाला.

जाण्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच दिराने बाईंना 'खटपट' या साइटवर खातं उघडून दिलं होतं. घरातली वस्तू बिघडली की लोक तिथे प्रश्न टाकत आणि ज्याला कळतं तो उत्तर देई. ज्या उत्तराला जास्त लोकांची पसंती, ते सगळ्यांच्या वर. बाईंनी तिथे 'बर्फबाई' असं नाव घेतलं. पंप चालू असताना हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा त्या फोनवर उत्तरं लिहीत. शुद्धलेखनाच्या नावाने आनंदच होता. 'व्यवस्थित' हा शब्द तर त्यांनी कधी नीट लिहिलाच नाही. पण सांगणं कसं, समोर बसून हात धरून दाखवल्यासारखं.

त्यांचं एक उत्तर तर साइटवर गाजलं होतं. फ्रीजरच्या नळीला बारीक भोक पडलं तर काय करायचं, असा प्रश्न होता. बाईंनी सगळं पायरीपायरीने लिहिलं होतं. प्लग काढा, खिडक्या उघडा, उरलासुरला गॅस जाऊ द्या, नळी घासून चकचकीत करा, मग हातातल्या गॅसबत्तीने तापवून, तार वितळवून झाळ द्या, म्हणजे भोक बुजेल. शेवटी लिहिलं होतं, 'घाई करू नका.' लोकांनी ते उत्तर डोक्यावर घेतलं. वर्षानुवर्षं ते सगळ्यात वर होतं. आपलं पोर पहिल्या नंबरात आल्यासारखं बाई अधूनमधून ते उघडून बघत.

एका दुपारी उघडलं, तर उत्तरावर पिवळी पट्टी. 'हे उत्तर शिळं झालं असावं.' खाली पट्टी लावणाऱ्या सभासदाचं नाव होतं, 'शेजारीण'. आणि तिचा एकच प्रश्न होता, 'हे कुठल्या सालच्या फ्रीजसाठी आहे?'

संध्याकाळी नवरा बूट काढतोय तोवर बाईंनी फोन त्याच्या नाकाशी धरला. "शिळं म्हणे! उत्तर म्हणजे काय कालची भाजी आहे?"

"कोण म्हणतंय असं?"

"शेजारीण."

"कुठली? वरची की समोरची?"

 नवऱ्याने आपलं सहज विचारलं होतं, पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली. वरच्या मजल्यावरच्या बाईचा फ्रीज त्यांनी उन्हाळ्यात दुरुस्त केला होता आणि तेव्हापासून 'आता घरघर करतो' असं ती जिन्यात भेटेल त्याला सांगत होती. दुसऱ्या दिवशी त्या साखर मागायच्या निमित्ताने वर जाऊन आल्या. वरच्या बाईकडे बटणांचा जुना फोन होता, तोही चिकटपट्टीने बांधलेला. समोरच्या म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हतं. म्हणजे शेजारीण हे नुसतं घेतलेलं नाव. नाव बदलून कोण येतं? ज्याला लपायचंय तो.

साइट चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे 'चालक' म्हणत. बाईंनी त्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर गुळगुळीत आलं. साइट जुनी झाली आहे, वस्तू बदलल्या आहेत, म्हणून जुन्या उत्तरांवर पट्टी लावायचा अधिकार आता सर्व सभासदांना दिला आहे. राग मानू नये. बाईंनी ते वाचून फोन बाकावर आपटला. राग मानू नये असं जो आधीच लिहितो, त्याने राग येण्यासारखं काहीतरी केलेलं असतं, असं त्यांना वाटलं.

पट्ट्या वाढत गेल्या. आज बर्फ न जमण्याचं उत्तर, उद्या दाराच्या रबराचं, परवा कॉम्प्रेसरचं. प्रत्येकाखाली तोच प्रश्न, कुठल्या सालच्या फ्रीजसाठी? आणि वेळ नेहमी दुपारची, जेवणाच्या सुट्टीची. ही वेळ बाईंच्या लक्षात आली तेव्हा त्यांच्या हातातला पाना हातातच राहिला. दुपारी निवांत जेवायला मिळतं, असं कोण म्हणालं होतं? खातं कोणी उघडून दिलं होतं? बर्फबाई म्हणजे कोण, हे घराबाहेर कोणाला ठाऊक होतं? आणि जुन्या फ्रीजची माहिती शिळी ठरली की लोक नवे फ्रीज घेणार, नव्या फ्रीजचं सेवा केंद्र कोणाचं?

एवढं सगळं जुळल्यावर दुसऱ्या कोणाचा विचार करायला त्यांच्या डोक्यात जागाच उरली नाही.

त्यांनी धाकट्या जावेला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, "भाऊजी दुपारी काय करतात गं? जेवणाच्या सुट्टीत?"

"जेवतात. का हो, ताई?"

"नाही, फोनवर असतात का? कोणाशी लिहीत वगैरे?"

 मग जावेचा आवाज बदलला. "ताई, तुम्ही काही बघितलंत का? खरं सांगा मला."

"अगं, तसलं काही नाही."

"मग कसलं?"

"काही नाही म्हटलं ना. विचारलं आपलं," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. आपण काय करून बसलो हे त्यांना त्या क्षणी उमगलं नाही. त्यांच्या डोक्यात सापळा शिजत होता.

सापळा असा. साइटवर त्यांनी दुसरं खातं उघडलं, नाव घेतलं 'थंडोबा'. या नावाने एखादं जुनाट, हमखास पिवळी पट्टी ओढवणारं उत्तर टाकायचं. दीर असेल तर झडप घालणारच, कारण ती युक्ती या दुकानातच त्या दोघांनी हजारदा वापरलेली. आणि झडप घालताना काहीतरी असं लिहील, की त्याचा हात ओळखू येईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक ताजा प्रश्न दिसला. विचारणाऱ्याचं नाव 'नवा भाडेकरू'. 'फ्रीज थंड होत नाही, मागून टक् टक् आवाज येतो. आत बाळाचं औषध आहे. कृपया लवकर सांगा.' बाईंनी थंडोबाच्या नावाने लिहिलं, मागचं झाकण व्यवस्तित काढा, कॉम्प्रेसरला वायरीने थेट वीज देऊन बघा. सुरू झाला तर कॉम्प्रेसर चांगला, वरचा रिले, म्हणजे तो सुरू करणारा खटका, गेलाय. एवढं टाकून त्या फोन समोर ठेवून बसल्या, गळ टाकून बसल्यासारख्या.

गळाला पहिल्यांदा लागला तो प्रत्यक्ष दीरच, पण साइटवर नाही. तो हेल्मेटसकट दुकानात शिरला.

"वहिनी, तुम्ही हिच्या डोक्यात काय भरवलंत?"

"मी? काय भरवणार?"

"सकाळपासून माझे खिसे उलटे करतेय. फोन काढून घेतलाय. दुपारी कोणाला लिहिता म्हणून विचारतेय. रडून डोळे सुजवलेत. आणि वर म्हणते, ताईंनी काहीतरी बघितलंय, त्या बोलत नाहीत इतकंच!"

बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात फोन थरथरला. त्यांनी झडप घालून उचलला. शेजारणीने लिहिलं होतं. बाईंनी आधी दिराकडे बघितलं. त्याच्या एका हातात हेल्मेट होतं, दुसरा हात रागाने हवेत. फोन बायकोने काढून घेतलेला, म्हणजे खिशातही नाही.

मग त्यांनी खाली बघितलं. आधी नव्या भाडेकरूचं होतं, 'झाकण काढलं. वायर सोलून तयार आहे. लावतोच आता.' त्याखाली शेजारीण, 'थांबा! वीज लावू नका. फ्रीज कुठल्या सालचा आहे? मागच्या पाटीचा फोटो टाका.'

आणि पुढे काहीच नाही.

 दुकानात कोणी फ्रीज आणला तर बाई सगळ्यात आधी मागे जाऊन पाटी वाचत. पाटी वाचल्याशिवाय पाना उचलत नसत. इथे त्यांनी पाटी तर सोडाच, साल विचारायचेही कष्ट घेतले नव्हते. त्या प्रश्नाकडे त्यांनी प्रश्न म्हणून बघितलंच नव्हतं. बाळाचं औषध हे शब्द वाचले होते आणि तसेच ओलांडून गेल्या होत्या.

"काय झालं?" दिराने विचारलं. त्याचा आवाज उतरला होता. वहिनीचा चेहरा असा त्याने कधी बघितला नव्हता.

फोटो आला. दिराने खांद्यावरून वाकून पाटी वाचली. "हा तर अगदी नवा आहे, कार्डवाला, इलेक्ट्रॉनिक. याला थेट वीज दिली तर कार्ड जळेल, आणि हात कुठे लागला तर माणूसही जाईल. कोण गाढव सांगतंय असं? थंडोबा कोण हा?"

बाई फोनवर वाकल्या. त्या थंडोबाच्या नावानेच घाईघाईने लिहीत होत्या, 'लावू नका. माझं चुकलं. झाकण बंद करा. औषध दुसऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवा आणि कारागीर बोलवा.' दीर ते वाचत होता.

"वहिनी!" तो म्हणाला.

नव्या भाडेकरूने लिहिलं, 'बरं झालं थांबलो. आभारी आहे, शेजारीणताई.' थंडोबाला त्याने काहीच लिहिलं नाही.

दीर उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला. बाईंनी सगळं सांगितलं, पट्ट्या, दुपारची वेळ, सापळा. सांगताना त्यांना स्वतःलाच ते किती पोकळ आहे ते ऐकू येत होतं.

"म्हणजे दुकान सोडलं म्हणून मी तुमचा वैरी झालो," दीर म्हणाला.

"वैरी नाही म्हटलं मी."

"म्हटलं नाहीत. माझ्या बायकोकडे चौकशी केलीत. तुमचं उत्तर शिळं झालंय हे सांगायला मला नाव बदलून कशाला जायला पाहिजे? तोंडावर सांगतो. ते वरचं, बत्तीवालं उत्तर आहे ना, ते खरंच शिळंय. जुना गॅस पेटत नव्हता. नवा पेटतो. तुम्हाला काय सांगायचं?" एवढं बोलून तो उठला आणि चहा न घेता गेला. या दुकानातून तो कधी चहा न घेता गेला नव्हता.

बाईंना हे वेगळं सांगायची गरज नव्हती, हे खरंच होतं. नव्या गॅसचा फ्रीज आला की बाई स्वतः बत्ती दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवत. नळीला झाळ न देता ती दाबून बंद करायची खास पक्कड त्यांच्याकडे होती. हातांना सगळं माहीत होतं. तरी साइटवरचं ते उत्तर त्या इतक्यांदा उघडून बघत, ते वरचा पसंतीचा आकडा बघायला. खालचा मजकूर त्यांनी कित्येक वर्षांत वाचला नव्हता.

त्याच संध्याकाळी त्यांनी शेजारणीला खाजगीत लिहिलं. आभार मानायचं त्यांच्या मनात होतं, पण बोटांनी लिहिलं ते असं, 'तुम्ही कोण आहात?'

उत्तर आलं, 'आधी तुम्ही सांगा. बर्फबाई आणि थंडोबा एकच ना? दोघंही व्यवस्थित हा शब्द एकाच तऱ्हेने चुकवता. बर्फबाई शेवटी घाई करू नका असं लिहितात, थंडोबाने लिहिलं नाही, एवढाच फरक. मला बरेच दिवस संशय आहे की तुम्ही कुठल्या तरी कंपनीच्या पगारावर आहात.'

बाईंवर आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्याच पद्धतीने पाळत ठेवली होती. त्यांना राग आला, आणि थोडा आदरही वाटला. त्यांनी फोन नंबर पाठवला, आणि रात्री शेजारणीचा फोन आला.

शेजारीण रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर नळ्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, तारीख नसलेली नळी बाजूला काढायची, आणि जेवणाच्या सुट्टीत 'खटपट'वर पट्ट्या लावायच्या. फ्रीजमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिच्या शेजारच्या घरात एक घड्याळजी एकटे राहत. त्यांच्या फ्रीजरच्या नळीतून गळती होत होती. त्यांनी 'खटपट'वरचं सगळ्यात वरचं उत्तर वाचलं आणि तसं केलं. भडका उडाला. आवाज ऐकून ती धावली, तेव्हा ते ओट्याखाली बसले होते आणि उजवा हात ओल्या फडक्यात धरून होते.

"माझंच उत्तर वाचून केलं, कशावरून?" बाईंनी विचारलं. विचारल्यावर त्यांना लाज वाटली, पण शब्द परत घेतला नाही.

"येऊन बघा," शेजारीण म्हणाली. "पत्ता देते."

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊन ये. नाहीतर ती खोटं बोलते की खरं, यावर तू महिनाभर माझं डोकं खाशील." बाईंनी हत्यारांची पिशवी घेतली आणि रविवारी बस पकडली. वाटेत त्यांनी मनाशी सगळ्या शक्यता मांडल्या. म्हाताऱ्याने खिडक्या उघडल्या नसतील. नळी नीट घासली नसेल. घाई केली असेल. काहीतरी चुकवलं असणार, गिऱ्हाईक चुकवतंच.

शेजारीण जिन्यातच उभी होती, सडपातळ, केस घट्ट बांधलेली. तिने बाईंना नखशिखान्त न्याहाळलं. बाईंनीही तिला. मग दोघी आत गेल्या.

घड्याळजींनी दार अर्धंच उघडलं. "कंपनीकडून आलात का?"

"नाही."

"मग हत्यारं कशाला आणलीत?"

"सवय आहे."

"मी कशावरही सही करणार नाही," ते म्हणाले, आणि बाजूला झाले. त्यांच्या उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत गुलाबी आणि ताणलेली होती. दोन बोटं पूर्ण मिटत नव्हती. खिडकीपाशी त्यांचं काम करायचं टेबल होतं. त्यावर भिंग होतं, चिमटे होते, आणि काचेच्या झाकणाखाली उघडून ठेवलेलं एक मनगटी घड्याळ.

स्वयंपाकघराच्या भिंतीला नवा रंग होता, पण छताला अजून काळा डाग आणि वीजफलकाचा एक कोपरा वितळलेला. फ्रीज त्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात चादर टाकून ठेवला होता. कंपनीची माणसं येऊन तो पळवून नेतील अशी त्यांना भीती होती.

बाईंनी चादर काढली आणि गुडघ्यांवर बसल्या. विजेरी लावून त्यांनी जळालेली जागा पाहिली, आजूबाजूची नळी पाहिली, पुन्हा पाहिली. त्या घड्याळजींची चूक शोधत होत्या. नळी घासली होती ती अशी, की त्यांच्या वडिलांनी शाबासकी दिली असती. सगळीकडून सारखी, एक ओरखडा इकडचा तिकडे नाही. झाळीची तार योग्य जाडीची. आजूबाजूच्या प्लास्टिकला ओलं फडकं गुंडाळलं होतं, त्याचा जळका तुकडा अजून चिकटलेला होता. हे तर त्यांनी उत्तरात लिहिलंही नव्हतं. माणसाने आपल्या अकलेने केलं होतं.

"खिडक्या?" त्यांनी खालूनच विचारलं.

"दोन्ही उघड्या होत्या. दारसुद्धा."

बाईंनी विजेरी पाटीवर धरली. पाटीवर पेटणाऱ्या गॅसची खूण, ज्योतीचा पिवळा त्रिकोण, स्पष्ट होती. त्या उठल्या, तेव्हा गुडघ्यांनी आवाज केला.

"ते उत्तर माझं आहे," त्या म्हणाल्या. "बर्फबाई म्हणजे मी."

घड्याळजींनी पाटीकडे बोट केलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, नवा गॅस पेटतो ते?"

"ठाऊक होतं."

"मग?"

"लिहिलं तेव्हा जुनाच गॅस होता. नंतर ते उत्तर अजून कोणी वाचून हात घालत असेल, हे डोक्यातच आलं नाही."

"मी कोणावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही," घड्याळजी म्हणाले. "इतर उत्तरंही वाचली होती. सगळी ऐकीव वाटली. तुमचं वाचून वाटलं, हा माणूस स्वतःच्या हाताने काम करणारा आहे. म्हणून विश्वास ठेवला." मग त्यांनी शेजारणीला सांगितलं, "यांना चहा दे. मी जरा पडतो." आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. बाई निघाल्या तरी ते बाहेर आले नाहीत.

चहा पिताना दोघी भांडल्या. शेजारणीचं म्हणणं, सगळी जुनी उत्तरं पुसून टाका. बाईंचं म्हणणं, जुने फ्रीज अजून घराघरांत चालू आहेत, ते ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कुठे जायचं? वर साल लिहिलं, गॅस कोणता ते लिहिलं, की झालं.

"वर लिहिलेलं कोण वाचतं?" शेजारीण म्हणाली. "मी पट्टी लावल्यानंतरही त्या उत्तराला लोक पसंती देत होते."

 बत्तीवालं उत्तर बाईंनी तिथेच, तिच्यासमोर, पुसून टाकलं. वर्षानुवर्षांची पसंती एका बोटाने गेली. बाकीच्यांवर त्या अडून बसल्या. शेवटी असं ठरलं, की शेजारणीने पट्टी लावायची आणि बाईंनी ते उत्तर उघडून साल, गॅस आणि 'यापुढच्या फ्रीजला हे करू नका' असं पहिल्याच ओळीत लिहायचं. जे असं सुधारता येणार नाही, ते काढायचं. चालकांना ते इतकं पसंत पडलं, की त्यांनी सगळ्याच विभागांना तसा नियम केला. बाईंनी त्यातही काही डाव आहे का हे दोनदा तपासलं. सापडला नाही.

काम करता करता त्यांना दिसलं, की शेजारणीच्या पट्ट्या सगळ्यांच्याच उत्तरांवर होत्या. गिझरवाल्यांच्या, पंपवाल्यांच्या, धुलाई यंत्रवाल्यांच्या. बाईंनी स्वतःच्या उत्तरांपलीकडे कधी बघितलंच नव्हतं.

घड्याळजींसाठी त्यांनी एक चांगला दुरुस्त केलेला फ्रीज बाजूला काढून ठेवला आणि शेजारणीकडून निरोप धाडला. उलट निरोप आला, की त्यांनी दुकानातून नवा घेतला आहे, आणि बाईंनी त्रास घेऊ नये. ते आता भिंतीवरची मोठी घड्याळं तेवढी दुरुस्त करतात, असं शेजारणीने सांगितलं. मनगटी घड्याळं परत पाठवतात.

धाकट्या जावेकडे बाई स्वतः गेल्या. सगळं उलगडून सांगितलं, साइट दाखवली, पट्ट्या दाखवल्या. जावेने नीट ऐकलं, "असं होय?" म्हणाली, आणि बाई चपला घालत असताना हळूच विचारलं, "पण ताई, हे तुम्ही वहिनी-दिरांनी मिळून तर नाही ना ठरवलेलं, मला गप्प करायला?" बाई दारातच बसल्या. आपली लागण दुसऱ्याला झाल्यावर ती कशी दिसते, हे त्या पहिल्यांदा बघत होत्या. त्यानंतर कितीतरी दुपारी जाऊ सेवा केंद्रात फोन करून 'जेवलात का?' असं विचारत राहिली, आणि दीर वहिनीच्या नावाने कपाळाला हात लावत राहिला.

तो दुकानात आला तो बऱ्याच दिवसांनी. चहाला नाही म्हणाला नाही. कप खाली ठेवून त्याने सांगितलं, की त्यांच्या केंद्रात नव्या गॅसचा आणि कार्डाचा वर्ग आहे, बाहेरच्या कारागिरांनाही येता येतं, त्याने वहिनींचं नाव घातलंय.

"का?" बाईंनी विचारलं.

"आता 'का' काय, वहिनी?"

बाई गेल्या. शेवटच्या बाकावर बसल्या, सगळ्या तरण्या मुलांच्या मागे. शिकवणाऱ्याने फळ्यावर नव्या फ्रीजचं चित्र काढलं आणि सांगितलं, ही पद्धत पूर्ण सुरक्षित आहे. बाईंचा हात वर गेला. "कुठल्या फ्रीजपर्यंत?" त्यांनी विचारलं. "आणि हे बदललं, तर आम्हाला कोण कळवणार?" शिकवणाऱ्याने खडू खाली ठेवला. तो म्हणाला की हे वर विचारावं लागेल. बाईंनी तेही वहीत लिहून घेतलं, आणि तास संपल्यावर, त्याने खरंच वर विचारलं का ते बघायला, दारापाशी थांबून राहिल्या.